अक्षर, शुद्धलेखन आणि लेखन : तीन वेगळी कामे

प्रश्न : मी बुलढाणा जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग शिकवते. पट एकतीस आहे. नुकत्याच झालेल्या पालकसभेत बहुतेकांची एकच तक्रार होती : पूर्वी रोज एक पान शुद्धलेखन असायचे, ते बंद झाले म्हणून मुलांचे अक्षर बिघडले. केंद्रप्रमुखांनीही वह्या चाळून इकार-उकाराच्या चुकांवर बोट ठेवले. मी रोज वह्या तपासते, चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायला सांगते, तरी चुका त्याच राहतात. निबंध लिहायला सांगितला की सगळी मुले गाईडमधल्या त्याच दहा ओळी उतरवतात. एक मुलगा डावखुरा आहे आणि त्याचे आजोबा त्याला उजव्या हाताने लिहायला लावा म्हणून मागे लागले आहेत. सोबत तिसरीतील एका मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेले पान पाठवत आहे. ते कसे तपासावे हेच मला कळले नाही. रोजचे एक पान पुन्हा सुरू करावे का?

उत्तर :

बाई, सप्रेम नमस्कार.

रोजचे एक पान पुन्हा सुरू करू नका, निदान पूर्वीच्या स्वरूपात तरी नको. पालकांची तक्रार खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. अक्षर बिघडले असेल तर ते सुधारायलाच हवे. परंतु त्या एका पानाकडून आपण तीन निरनिराळी कामे करून घेऊ पाहतो आणि त्यांपैकी एकही ते पान धडपणे करत नाही. अक्षर ही हाताला लावायची सवय आहे. इकार-उकार, न-ण, अनुस्वार यांची जाण शब्दाचे रूप निरखल्याने येते. काय सांगायचे आणि ते कोणत्या क्रमाने सांगायचे हे ठरवणे म्हणजे लेखन, आणि त्याचा पुस्तकातील उतारा उतरवून काढण्याशी फारसा संबंध नाही. तुमच्या वर्गात या तिन्ही कामांना एकच तास, एकच वही आणि एकच लाल पेन आहे. माझ्या मते खरी अडचण तेथे आहे.

एखाद्या दिवशी मुलांना ते पान लिहायला द्या आणि वह्या तपासण्याऐवजी मुले लिहीत असताना त्यांच्या मागे उभ्या राहून पाहा. पहिल्या चार-पाच ओळी वळणदार येतात, मग हात दुखू लागतो, बोटे घसरत पेन्सिलच्या टोकाशी येतात आणि पान उरकण्याची घाई अक्षरात उतरते. म्हणजे अर्ध्याहून अधिक पानभर मूल वाईट अक्षर काढण्याचाच सराव करत असते. दहा वेळा लिहिण्याच्या शिक्षेचेही तसेच आहे. 'पाणी' हा शब्द मुले दहा वेळा लिहीतच नाहीत. ती समासाजवळ वरून खाली दहा 'पा' काढतात, मग त्यांच्या शेजारी दहा 'ण' मांडतात आणि शेवटी दहा वेलांट्या देऊन मोकळी होतात. शब्द म्हणून तो एकदाही लिहिला जात नाही. यात मुलांचा आळशीपणा नाही, दिलेले काम लवकर संपवण्याची ती चांगलीच हुशार युक्ती आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी वापरलेली आहे.

अक्षरासाठी रोज दहा-बारा मिनिटे पुरतात, मात्र ती स्वतंत्र काढावी लागतात आणि तेवढा वेळ तुमचे लक्ष वहीपेक्षा मुलांच्या हातांकडे असावे लागते. दुरेघी वहीतील चार ओळी द्या, त्याहून जास्त नकोत. सतरंजीवर मांडी घालून बसलेली मुले वही जमिनीवर ठेवून तिच्यावर ओणवी होतात, त्यामुळे अंगाचा भार लिहित्या हाताच्या कोपरावर येतो आणि मनगट हलायला मोकळे राहत नाही. मांडीवर दप्तर, दप्तरावर पाटी आणि पाटीवर वही एवढी उंची मिळाली तरी पुष्कळ मुलांच्या अक्षरात फरक पडतो. पेन्सिल अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांच्यात, टोकापासून थोडी वर धरलेली असावी. पानाच्या पाठीमागून बोट फिरवल्यावर अक्षरे उठलेली लागत असतील, तर मूल वाजवीपेक्षा जास्त जोर देऊन लिहीत आहे असे समजा. अशा मुलाला दोन-तीन आठवडे खडूने फरशीवर मोठी अक्षरे काढू द्यावीत.

कोणती अक्षरे घ्यायची याबाबत 'ग, म, भ, न' हा आपला जुना क्रम पुष्कळ काही सांगतो. तो मुळाक्षरांच्या क्रमाने जात नाही, वळणाच्या सारखेपणाने जातो. तिसरी-चौथीतही हेच तत्त्व ठेवा : एका आठवड्यात व, ब, क, पुढच्यात प, ष, फ, मग ट, ठ, ढ, द, मग ड, इ, ह, झ. एक वळण हाताला बसले की त्या घरातील सगळी अक्षरे एकदम सुधारतात. शिरोरेषेकडे मात्र विशेष लक्ष द्यावे लागेल. ध, भ आणि थ या अक्षरांच्या सुरुवातीच्या वळणावर शिरोरेषा येत नाही; घाईने शब्दाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसकट रेघ ओढणाऱ्या मुलाचा 'धर' हा 'घर' होतो आणि 'भाऊ'चा 'माऊ' होतो. 'ख'चे दोन भाग खाली जुळले नाहीत तर 'खाणे'चे 'रवाणे' होते. या चुका दिसायला शुद्धलेखनाच्या असल्या तरी मुळात त्या हाताच्या आहेत, आणि त्यांच्यावर लाल गोल करून काही साधत नाही. त्यासाठी मुलाच्या शेजारी बसून ते अक्षर त्याच्यासमोर सावकाश काढून दाखवावे लागते.

फळ्यावरील तुमचे स्वतःचे अक्षर हाच वर्गाचा कित्ता असतो, म्हणून एक बारकी गोष्ट सांगून ठेवतो. मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' वापरावा असे शासनाने २००९ च्या निर्णयात सांगितले होते आणि २०२२ मध्ये त्याचा पुनरुच्चार केला. मोबाइलवर मुलांना बहुधा हिंदी वळणाचे ल आणि श दिसतात, आणि मग एकाच वहीत दोन्ही वळणे येतात. त्यात दोष देण्यासारखे काही नाही, पण वर्गात एकच वळण ठरलेले असावे.

सुंदर अक्षराचा आग्रह धरणाऱ्या पालकांना दासबोधाचा दाखला दिलात तर चालेल. त्याच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेवरच आहे, आणि तेथे समर्थांचा भर अक्षर मोकळे आणि मध्यम आकाराचे असावे, तसेच पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत टिकावे यावर आहे. तिसरीच्या मुलाकडूनही नक्षीपेक्षा हा सारखेपणा मागावा : अक्षरांची उंची एक, दोन शब्दांत बोटभर जागा, काना सरळ. एवढे झाले की अक्षर वाचता येते, आणि प्राथमिक शाळेत मला तरी तेवढे पुरेसे वाटते.

डावखुऱ्या मुलाचा हात बदलू नका. हे आजोबांना आदराने पण ठामपणे सांगावे लागेल, कारण सक्तीने मुलाचा वेग आणि उत्साह दोन्ही जातात आणि हाती काही लागत नाही. त्याची वही किंचित उजवीकडे कलती ठेवा, म्हणजे लिहिलेले हाताखाली झाकले जाणार नाही. पेन्सिल इतरांपेक्षा थोडी वर धरू द्या. ओळीत त्याला डाव्या टोकाला बसवा, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराला त्याचे कोपर लागणार नाही. शिरोरेषा त्याने उजवीकडून डावीकडे ओढली तरी हरकत नाही.

आता तुम्ही पाठवलेल्या पानाकडे येतो. मुलाने लिहिले आहे : "आमच्या म्हशीला रात्री वगार झाली. ती ऊभी राहत नव्हती. आजीने तीला पुसून काढले. मी कंदील धरला. बाबानी पहीले दुध काढले. त्याला चिक म्हनतात." इतके चांगले पान पाहून मला तुमचा हेवा वाटला. रात्र, गोठा, घरातील तीन माणसे आणि प्रत्येकाच्या हातातले काम, सारे सहा वाक्यांत आले आहे. नेहमीच्या पद्धतीने तपासले तर त्यात सात चुका निघतात आणि पान लाल होते. पण या सात चुका एका जातीच्या नाहीत.

ऊभी, पहीले, दुध आणि चिक या चार चुका एकाच नियमाच्या आहेत. मराठी शब्दाचे शेवटचे अक्षर अकारान्त असेल, म्हणजे त्याला काना, मात्रा, वेलांटी असे काहीच लागलेले नसेल, तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो : दूध, चीक, फूल, बहीण, जमीन. शेवटच्या अक्षराला दीर्घ स्वर लागला की आधीचा इकार-उकार ऱ्हस्व होतो : उभी, पहिले, दुधात, चिकाचा, फुले, बहिणी, जमिनीत. या मुलाने 'कंदील' अचूक लिहिला आहे, म्हणजे शब्द त्याच्या नजरेत बसू शकतात. त्यालाच विचारा की कंदिलाचा उजेड असे लिहिताना 'दी'चे काय होते. मग फळ्यावर एका बाजूला दूध, फूल, मूल, पीठ आणि दुसऱ्या बाजूला दुधात, फुले, मुले, पिठाला असे शब्द मांडून काहीही न सांगता मुलांना फरक शोधू द्या. तिसरी-चौथीची मुले हा नियम स्वतः शोधून काढू शकतात, आणि एकदा तो त्यांचा झाला की तुम्हाला दहा वेळा लिहायला सांगावे लागत नाही.

येथे श्रुतलेखनाबद्दल बोलणे भाग आहे. "नीट ऐका आणि लिहा" असे सांगून आपण ऱ्हस्व-दीर्घ शिकवू पाहतो, पण मराठी बोलताना इ-ई आणि उ-ऊ यांच्या लांबीवरून आपण शब्दांचे अर्थ वेगळे करत नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत हे शब्द चांगले शिकलेला माणूसही बोलताना जवळजवळ सारखेच उच्चारतो. फरक कळतो तो संदर्भावरून. जे कानाला ऐकू येत नाही ते कानाने शिकवता येत नाही. त्यामुळे काही शिक्षक श्रुतलेखन घालताना "पहीऽऽले" की "पहिले" असे कृत्रिम हेल काढतात, आणि मुले शब्दाऐवजी बाईंचा हेल लिहायला शिकतात. ऱ्हस्व-दीर्घ डोळ्यांनी आणि नियमाने शिकवावे.

'म्हनतात'मधील 'न'चे नेमके उलट आहे. प्रमाण उच्चारात न आणि ण स्पष्ट वेगळे ऐकू येतात. तुमच्या भागातील मुलांच्या घरात ते तसे बोलले जात नाहीत, एवढेच. घरी पानी आणि डोया म्हणणारे मूल शाळेत पाणी आणि डोळा लिहायला शिकते, तेव्हा ते एक जास्तीचे रूप शिकत असते, म्हणून त्याच्या घरच्या बोलीला अशुद्ध म्हणू नये. येथे मात्र कानाचा उपयोग होतो. मन-मण, काना-काणा अशा जोड्या तोंडी घ्याव्यात, धडा मोठ्याने वाचून घ्यावा आणि अशाच शब्दांचे श्रुतलेखन घालावे. तेही सुटे शब्द देऊन नव्हे. मुलांनीच बोललेली चार वाक्ये द्यावीत आणि तपासणी ज्याची त्याने पुस्तकात किंवा फळ्यावर पाहून करावी.

'तीला' ही लहानशी चूक आहे. तिला, तिने, तिचा, हिला, जिला ही सर्वनामांची रूपे ऱ्हस्व असतात आणि ती सरळ पाठ करून टाकावीत. एखादे चौकस मूल विचारील की मग 'आजीने' आणि 'म्हशीला' यांतील मधले अक्षर दीर्घ का; त्याला सांगावे की प्रत्यय लागताना नामाच्या शेवटी येणारी ई दीर्घच असते. 'बाबांनी'वरील अनुस्वार हा आदराचा आहे : वडील एकच असले तरी आपण त्यांना अनेकवचनी बोलतो, म्हणून बाबांनी, सरांना, बाईंचा. मुलांना हे कारण फार आवडते.

याहून अधिक नियम तिसरीत शिकवू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ नियम आणि १९७२ मध्ये त्यांत पडलेली ४ ची भर, असे एकूण १८ नियम आहेत. ते शिक्षकाच्या टेबलावर असावेत, मुलांच्या डोक्यावर नकोत. ऱ्हस्व-दीर्घाच्या वरील नियमाला संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द अपवाद असतात, आणि तुमच्या वर्गात एखादी गीता किंवा पूजा बसलेली असेल तर मुले दुसऱ्याच दिवशी ती अडचण पुढे करतील. गीता, पूजा, परीक्षा, गुण, विष असे शब्द भिंतीवरील एका कागदावर वेगळे लिहीत जावेत आणि हे शब्द आपले जुने रूप सोडत नाहीत एवढेच सांगावे. 'आणि' ऱ्हस्व, 'की' दीर्घ, हे दोन शब्द त्याच कागदाच्या वर ठळक लिहून टाका. मोठ्यांच्याही निम्म्या चुका तेथे होतात.

तर हे पान तपासायचे कसे? पहिल्या दिवशी त्यावर लाल खूण एकही करू नका. खाली पेन्सिलने एक प्रश्न लिहा : वगार शेवटी उभी केव्हा राहिली? मुलाने ते सांगायचे सोडून दिले आहे आणि वाचणाऱ्याला नेमके तेच हवे आहे. तो आणखी दोन वाक्ये लिहील. दुसऱ्या दिवशी एकच जात निवडा, समजा दूध-चीक यांची, आणि त्या ओळीसमोर समासात एक टिंब द्या. चूक कोठे आहे ते त्याने शोधावे. उरलेल्या चुका या वेळी तशाच राहू द्याव्यात. केंद्रप्रमुखांना हे दुर्लक्ष वाटू नये म्हणून पानाच्या कोपऱ्यात 'या आठवड्यात : ऱ्हस्व-दीर्घ' अशी नोंद करत जा. एकतीस वह्या रोज घरी नेऊन तपासण्यापेक्षा रोज सहा मुलांना जवळ घेऊन त्यांच्यासमोर तपासणे बरे. आठवड्यात सगळा वर्ग होतो आणि चूक का झाली हे मुलाच्या तोंडून कळते.

गाईडमधील दहा ओळींचा दोष मुलांकडे जात नाही. 'माझा आवडता प्राणी' या विषयावर कोणालाच काही सांगायचे नसते, म्हणून 'गाय हा पाळीव प्राणी आहे, तिला चार पाय असतात' हे लिहिले जाते. त्याऐवजी सोयाबीन काढायला घरातील कोण कोण गेले, बाजारात आईने भाव कसा पाडला, वीज गेली तेव्हा कोण काय करत होते, असे विचारावे. लिहिण्याआधी मुलांना एकमेकांत पाच मिनिटे बोलू द्यावे. आजी काय म्हणाली ते अवतरणचिन्हांत आजीच्याच वऱ्हाडीत येऊ द्यावे. प्रमाण भाषा आणि बोली यांच्या जागा वेगळ्या असतात हे मुलांना तेथे आपोआप उमगते. कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयात लीलाताई पाटील यांनी आणि फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मुलांच्या स्वतःच्या अनुभवातून येणाऱ्या लेखनाला महत्त्वाचे स्थान दिले, आणि त्यासाठी वेगळी साधने लागत नाहीत. आठवड्यातून दोनदा असे लेखन घ्या, आणि त्या वेळी अक्षराबद्दल एक शब्दही काढू नका.

इतके करूनही एखाद्या मुलाला तोंडी सगळे येत असेल, पण महिनोन्महिने लिहिता येत नसेल, फळ्यावरील शब्द उतरवताना तो ओळ चुकत असेल, तर आधी त्याची नजर तपासून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा त्याचे नाव आवर्जून द्यावे. नजर ठीक असेल तर गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना दाखवावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि अशा मुलाला सवलती मिळू शकतात. अशा मुलाला जास्तीचा गृहपाठ देणे हा मात्र उपाय नव्हे.

पालकांना काय सांगायचे हा प्रश्न उरतो. त्यांना युक्तिवादापेक्षा वही पटते. प्रत्येक मुलाचे या आठवड्यातील एक पान तारीख घालून वेगळे ठेवा, आणि संक्रांतीच्या सुमारास त्याच मुलाचे दुसरे पान त्याच्या शेजारी लावून सभेत पालकांच्या हातात द्या. घरी काहीतरी करून घ्यायचेच असेल, तर रोज चार ओळी आणि त्याही मोठ्यांपैकी कोणीतरी शेजारी बसून, एवढे सांगा. डावखुऱ्या मुलाच्या आजोबांना त्या सभेला मुद्दाम बोलवा.